तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळला वॉर्डात केक का नको?

नोव्हेंबर सरत आला की फोन सुरू होतात. "मॅडम, पंचवीस तारखेला मुलांच्या वॉर्डात सांता घेऊन यायचंय, केक वाटायचेत. परवानगी मिळेल ना?" सांता आणा, केक नको, असं म्हटलं की पलीकडून ठरलेलं वाक्य येतं: "एवढुशा केकनं काय होतंय?" पालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा विभागाच्या टेबलावर बसून हे इतक्यांदा ऐकलंय, की एकदाच काय ते सांगून टाकते.

एवढुशा केकनं झालं ते असं. मुलांच्या सर्जरीच्या वॉर्डात कॉलेजची पोरं आली होती. प्लम केकचे तुकडे चकचकीत कागदात बांधलेले. "नंतर खा हं," म्हणत प्रत्येक खाटेवर एकेक ठेवून गेली. त्यातल्या एका सात वर्षांच्या मुलाचं दुसऱ्या दिवशी सकाळी हर्नियाचं ऑपरेशन होतं. रात्री सिस्टरनी आईला बजावलं, आता पाण्याचा घोटही नाही. खाटेला 'एनबीएम'ची, म्हणजे तोंडानं काहीच द्यायचं नाही अशी, पाटी लागली. आई रात्रभर राखण करत बसली आणि पहाटे तिचा डोळा लागला. मुलाला भूक लागली होती, केक उशीखाली होता. थिएटरच्या दाराशी भूलतज्ज्ञांनी नेहमीचा प्रश्न विचारला, सकाळी काय खाल्लंस बाळा? त्यानं खरं सांगितलं.

भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून पोट रिकामं लागतं. साध्या पाण्याला दोन तास पुरतात, हलक्या खाण्याला सहा, लोण्याच्या केकसारख्या जड पदार्थाला आठ धरतात. ऑपरेशन रद्द. प्रत्येक युनिटचा थिएटरचा वार ठरलेला, त्यामुळे पुढचा नंबर थेट आठवड्यानं. बाप रोजंदारीवरचा, गावाहून आलेला, रात्री बाहेर फूटपाथवर झोपणारा. त्याचे आणखी सात दिवस बुडाले. आई मुलाला काही बोलली नाही. आपला डोळा लागलाच कसा, एवढंच घोकत राहिली. वाटपाच्या अर्जावर सही माझी होती. तुझी चूक नाही, हे तिला कुणीच सांगितलं नाही. मीही नाही.

पुढची दोन वर्षं सरसकट बंदी. कारणं होती, आजही आहेत. डायलिसिसच्या रुग्णाला बेदाणे-खजुरातलं पोटॅशियम झेपत नाही. केमोनं पांढऱ्या पेशी उतरलेल्याला क्रीमचा केक नको आणि ताजी फुलंही नकोत. ऑक्सिजन चालू आहे तिथे मेणबत्ती नको, हे तर सांगायलाही लागू नये (लागतं). पण खरं सांगायचं तर बंदी सोयीची असते, फोन दोन वाक्यांत संपतो. पाय वजनाला बांधून महिनाभर पडलेल्या, काहीही खायला मोकळ्या असलेल्या मुलांना मी कशाची शिक्षा देत होते, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता सहा माणसं सोडते, भेटीच्या वेळेत, सर्दी-ताप नसलेली. खेळणी नवी आणि पुसता येतील अशी. फरची नकोत. फुगेही नकोत, फुटलेला तुकडा तान्ह्या मुलाच्या घशात अडकतो. फोटो नाहीत. यावर पुष्कळजण फोन ठेवतात.

आणि सगळं लहान मुलांच्या वॉर्डातच का? मेल मेडिसिनला, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डाला, कुणी येत नाही. तिथे लागतात मोठ्यांचे डायपर, टॉवेल, साबण, नातेवाइकांसाठी चटया. आधी विचारून आणा, नाहीतर एकाच मापाचे डायपर कपाटात पडून राहतात. पैसेच द्यायचे असतील तर पुअर बॉक्समध्ये, म्हणजे गरीब रुग्णांसाठीच्या निधीत, पावती घेऊन.

स्टाफचं विचारता, तर आमच्याकडे दिवाळीत ख्रिश्चन सिस्टर ड्यूटी ओढतात आणि चोवीसची रात्र बाकीच्या घेतात. त्यांना सकाळच्या मिठाईचा उपयोग नाही. रात्री दोनला गरम चहा आणि काही पोटभरीचं हवं, तेव्हा कॅन्टीन बंद असतं. तीस माणसं मोजलीत तर चाळीसचं आणा. मावशी, मामा, लिफ्टमन, गेटवरचा शिपाई आणि शवागारातला माणूस हमखास मोजायचे राहतात.

रक्ताचं मात्र ऐकाच. कॉलेजांना सुट्टी लागते, दाते गोव्याला जातात आणि नेमकी तेव्हा ओढाताण होते. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. वीस तारखेच्या शिबिरातल्या पंचवीसला संपल्या. म्हणून सगळे एकाच दिवशी येऊ नका, २६ ते ३१ वाटून घ्या. यंत्रावर नुसत्या प्लेटलेट द्यायच्या तर तास-दीड तास काढून या आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेऊ नका.

यंदा एका गटानं केकचा अर्ज पुन्हा दिलाय. सिस्टर इन्चार्ज म्हणतात, "येऊ दे ना, यादी मी देते. आपल्यासमोर खाऊ घालू, वॉर्डात कागदसुद्धा मागे ठेवायचा नाही." अर्ज आठवडाभर माझ्या टेबलावर आहे. सही अजून केलेली नाही.