ट्राम, एक आणा

शनिवार, रात्री साडेदहा

पाऊस थांबायचं नाव घेईना, म्हणून दुपारी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या निम्म्या वाळवीनं खाल्ल्या आहेत. 1934 आणि 1935 या दोन तेवढ्या शाबूत. दूध, कोळसे, घासलेट, गावाला मनिऑर्डर, आणि जवळजवळ रोज एक ओळ: ट्राम, 0-1-0.

आता आजोबा गिरगावातून फोर्टातल्या कचेरीत पायी जायचे, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. वहाणा किती लवकर झिजतात यावरून आजी त्यांना बोलायची. मग ही ट्राम कुठली? बाबांना विचारलं तर ते कितीतरी वेळ हसत राहिले. म्हणाले, "अगं, ती ट्राम चाळीच्या कोपऱ्यावरच उभी असायची. इराण्याची."

म्हणजे चहा. चोरून प्यायलेला चहा आणि त्याबरोबर ब्रुन मस्का. आमच्या पणजीच्या राज्यात बाहेरचं पाणीसुद्धा चालत नसे. पुण्यात 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या माणसांपुढे चहा आला, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची यादी छापून टाकली आणि पुढे केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद झाला, प्रायश्चित्तांपर्यंत गोष्ट गेली. त्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं उलटली होती, तरी रत्नागिरीहून बोटीनं आलेल्या कारकुनाला एक कप चहा ट्रामच्या नावावर टाकावा लागत होता.

आजोबांचं सोडा. मला दिवसभर तो इराणी डोक्यातून जात नाही.

त्या शेठचा नातू बाबांचा शाळासोबती. काका आता ऐंशीच्या पुढचे आहेत आणि दादरला राहतात. मागच्या महिन्यात बाबांना घेऊन त्यांच्याकडे गेले होते. काकांचं मराठी फर्मास, फक्त मधेमधे गुजराती वळण घेतं. त्यांच्या घरातली भाषांची वाटणी त्यांनीच सांगितली: गिऱ्हाइकाशी हिंदी, वहीत गुजराती, घरात दरी, आणि शिव्या मराठीत. ही दरी म्हणजे यझ्द आणि किरमानकडच्या जरथुश्त्री लोकांची बोली, तोंडातोंडीच चालत आलेली. काकांना ती कळते. त्यांच्या मुलांना येत नाही.

आपण पारशी आणि इराणी एकाच माळेत ओवतो. पारशी हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले. हे इराणी मागे इराणातच राहिलेले. तिकडे त्यांच्यावर जिझिया होता. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणात पाठवलं, वर्षानुवर्षं खटपट चालली, तेव्हा कुठे 1882 मध्ये शहानं तो कर काढला. कर गेला तरी रिवाज कुठले लगेच जायला? घोड्यावर बसायचं नाही, रंगीत कपडा घालायचा नाही, बाजारात फळांना हात लावायचा नाही, कारण हात लागला की माल बाटला. त्यात पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मोठा दुष्काळ पडला. काकांचे आजोबा त्याच धामधुमीत निघाले. यझ्दहून काफिल्याबरोबर बंदर अब्बासपर्यंत आणि तिथून बोटीनं मुंबईला. वय सोळा.

हे ऐकताना मी चहाचा कप हातात धरून बसले होते, तो तसाच निवला. ज्याच्या हातानं गावात डाळिंब बाटत होतं, तो मुंबईत येऊन चहा विकायला लागला. आणि कोणाला? ज्यांना एकमेकांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, अशा सगळ्यांना. आजोबा वहीत ट्राम लिहीत होते. त्या ट्रामचा मालक कुठलं ओझं उतरवून आलाय, हे त्यांना माहीत असेल का? बहुतेक नसेलच. गल्ल्यावरच्या माणसाला कोण कशाला विचारतंय.

शेठ आधी एका पारशी घरात नोकर होते. मग दुसऱ्याच्या दुकानात पोऱ्या. मग चार जणांच्या भागीत स्वतःचं दुकान, गिरगावात, नाक्यावर. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत म्हणून इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, असं सगळेच सांगतात. मला त्यात निम्मंच तथ्य वाटतं. दोन रस्त्यांवर तोंड असलेली जागा चहावाल्याला अशुभ कशी असेल? काका म्हणाले, "आमच्या बावाजीला शुभ-अशुभ नाय समजायचं, पण दोन दरवाजे समजायचे."

संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीभर आरसे हे सगळं आपण इतकं आळवलंय की आता पुन्हा नको. त्या टेबलांवर रात्री कोण झोपायचं, ते मात्र मला नवीन होतं. दुकान पहाटे साडेचारला उघडायचं ते रात्री अकराला बंद व्हायचं. मग खुर्च्या उलट्या करून ठेवायच्या, फरशी धुवायची आणि त्याच टेबलांवर गोधडी टाकून यझ्दहून आलेले पुतणे, भाचे, कोणाकोणाचे मेहुणे आडवे व्हायचे. थंडीत तो दगड असा गार लागायचा की दोघं दोघं पाठीला पाठ लावून झोपत. एका पुतण्याचं वय बारा. त्याचं काम अंडी मोजायचं, कारण पुढच्या भागात किराणाही होता: साबण, आगपेट्या, मेणबत्त्या, बिस्किटं, पाव. रात्री अंडी कमी भरली की तो रडायचा. पुढे त्यानंच पुण्यात स्वतःचं दुकान टाकलं.

1935 मध्ये तिकडच्या शहानं जगाला कळवलं की आमच्या देशाला पर्शिया म्हणू नका, इराण म्हणा. गिरगावनं काही बदलायचं कारण नव्हतं. आडनावही तेच, दुकानाचं नावही तेच: इराणी.

शेठाणीबद्दल मात्र मला कुणी आपणहून सांगितलं नाही, विचारावं लागलं. लग्नानंतर त्या माळ्यावरच्या एका खोलीत राहिल्या. दुकानाचे अ‍ॅप्रन त्या शिवायच्या, तांदूळ निवडायच्या, रेशनिंग आल्यावर 1943 मध्ये साखर रोज चमच्यानं मोजून खाली पाठवायच्या. गल्ल्यावर एकदाही बसल्या नाहीत. माळ्याच्या कठड्याच्या फटीतून खालची फॅमिली रूम दिसायची, तेवढीच त्यांची करमणूक. काका सांगत होते, "बपईजी, म्हणजे आमची आजी, हसत हसत सांगायची, काही बायका नऊवारीत यायच्या, पडदा ओढून घ्यायच्या आणि पदराआडून स्वतःचा पितळेचा पेला काढायच्या. चहा आमचा, पेला त्यांचा." शेठाणींना याचा राग येत नसे का, असं मी विचारलं. काका जरा थांबले. "राग कसला? यझ्दमध्ये लोक आमच्या दारात येत नव्हते. ह्या बाया पेला घेऊन तरी यायच्या."

बाबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत.

दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. दोन्ही दरवाजे तसेच आहेत.

झोपण्याआधी वह्या पुन्हा चाळल्या. 1935 ची वही, मार्च महिना. सोमवार ते शनिवार नेहमीचंच, ट्राम, 0-1-0. पण त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्याच बारीक अक्षरात, ट्राम, 0-2-0.

रविवारी कचेरीला सुट्टी असायची.