पाच पाकळ्या, पाच अक्षरं

‘आमच्या पणजेसासऱ्यांना दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने स्वतःच्या हाताने दिलंय हे,’ असं म्हणत आजींनी पत्र्याचा एक डबा माझ्या टेबलावर ठेवला. सोबत अमेरिकेतून आलेला नातू होता. डब्यात जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, तळहाताच्या मधोमध मावेल एवढं एक लाल फूल. वर मुकुट, मुकुटाच्या कडीत लाल साटीनची फीत.

मी एका वस्तुसंग्रहालयात धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. लोक घरातल्या जुन्या वस्तू दाखवायला आणतात, आणि वस्तूबरोबर तिची गोष्टही आणतात. गोष्ट ऐकायची, पण निकाल वस्तूलाच विचारायचा, असं मी शिकले आहे.

‘मुली, हे माणिक आहे ना?’

माणिक नव्हतं. सोन्यावर चढवलेला मीना होता, म्हणजे एक प्रकारची काच. एका पाकळीच्या कडेला तो टवका उडून निघाला होता आणि खालचं सोनं दिसत होतं. दर दसऱ्याला चिंचेने घासून गरम पाण्यात बुडवत असू, असं आजींनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मीना उष्णतेला आणि धक्क्याला फार नाजूक. मऊ ब्रश आणि ऊर्ध्वपातित पाण्याने जेमतेम ओला केलेला कापूस, याहून जास्त काही त्याला लावायचं नसतं.

मधल्या सोनेरी वर्तुळात राणी व्हिक्टोरियाचं मस्तक, भोवती जांभळट कड्यावर लॅटिन बोधवाक्य: इम्पेरात्रिसिस ऑस्पिसिस, सम्राज्ञीच्या आश्रयाखाली. ओळख पटायला वेळ लागला नाही. ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर. 1877 च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली, आणि 1878 च्या आरंभी हा सन्मान सुरू झाला. मानाने त्याच्या वरचा सन्मान ‘स्टार ऑफ इंडिया’, तो 1861 चा. त्याची फीत फिकट निळी, पांढऱ्या काठांची, आणि तो प्रामुख्याने संस्थानिक आणि बड्या अधिकाऱ्यांचा.

राणीच्या मस्तकावरून काळ ठरत नाही. ती 1901 मध्ये वारली, तरी या सन्मानाच्या पदकावर शेवटपर्यंत तीच राहिली. म्हणून भिंग पाकळ्यांवर फिरवलं आणि थबकले. प्रत्येक पाकळीवर सोन्याचं एक बारीक रोमन अक्षर होतं. पाच पाकळ्या मिळून ‘इंडिया’. पदकाचा हा सर्वांत पहिला घाट. 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात पदक लहान झालं आणि पाकळ्यांवरची अक्षरं गेली. पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार 1911 चा. तेव्हा असं पदक नव्याने कुणाला मिळण्याचं कारणच नव्हतं.

हे आजींना सांगायचं होतं, आणि त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. घरात त्या पूर्वजांना सगळे ‘सरसाहेब’ म्हणत. जिन्यात लावलेल्या तैलचित्राखाली पितळी पाटी होती, तिच्यावरही ‘सर’. छातीवर लावायचं हे पदक मात्र कंपॅनियनचं, सी.आय.ई.चं. त्या दर्जाला ‘सर’ लागत नाही, ते वरच्या के.सी.आय.ई. (नाइट कमांडर) आणि जी.सी.आय.ई. (ग्रँड कमांडर) यांनाच. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1889 मध्ये सी.आय.ई. झाले, पण ‘सर’ झाले ते 1911 मध्ये, के.सी.आय.ई. मिळाल्यावर. गोपाळ कृष्ण गोखल्यांना 1904 मध्ये सी.आय.ई. मिळाली, दहा वर्षांनी के.सी.आय.ई. देऊ केली तेव्हा त्यांनी ती नाकारली. म्हणून ते कधीच सर गोखले झाले नाहीत.

नातू हळूच म्हणाला, ‘म्हणजे सगळ्यात खालची पायरी.’

आजी काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

‘नाही,’ मी म्हणाले, आणि हे त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं. ‘यांच्या वेळी वरची पायरी नव्हतीच. सुरुवातीला या सन्मानात कंपॅनियन हा एकच दर्जा होता. नाइट कमांडर 1886 मध्ये आले, ग्रँड कमांडर 1887 मध्ये. अक्षरांचं पदक म्हणजे पहिल्या काही वर्षांतलं. पंचम जॉर्ज तेव्हा राजा व्हायचा होता, आजी. तुमची वस्तू त्याच्या दिल्ली दरबारापेक्षा जुनी आहे.’

या सन्मानाच्या सर्वांत वरच्या दर्जाला इतर ठिकाणांसारखं ‘ग्रँड क्रॉस’ न म्हणता ‘ग्रँड कमांडर’ म्हटलं गेलं, कारण क्रॉस हे ख्रिस्ती चिन्ह आणि सन्मान घेणारे अनेक जण हिंदू, मुसलमान, शीख. हे सांगितल्यावर नातू खुर्ची पुढे ओढून बसला. इंग्रजांची मेहेरबानी घरात मिरवायला त्याला लाज वाटत होती, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं. ती लाज मला समजते. तरी पदक काय आहे हे नीट कळल्याशिवाय त्याच्याबद्दल ना लाज धरता येते ना अभिमान.

पदक अमेरिकेला नेऊन काचेच्या चौकटीत लावायचं त्याच्या मनात होतं. ते जमणार नाही, असं मला सांगावं लागलं. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढची अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

‘मग इथेच राहू दे,’ आजी लगेच म्हणाल्या.

नेमणुकांची नावं तेव्हा लंडन गॅझेटमध्ये छापून येत. साल तिथे शोधायचं ठरलं. मी आम्लरहित कागदात पदक गुंडाळायला घेतलं, तेवढ्यात आजींनी विचारलं, ‘याची फीतही लालच ना?’

गडद निळी, मी म्हणाले. मूळची विरून गेली तेव्हा लग्न होऊन नुकत्याच आलेल्या आजींनीच बाजारातून साटीन आणून बांधलं होतं. त्यांनी डबा जवळ ओढला, चष्मा सारखा केला आणि कडीतली गाठ नखाने सोडवायला लागल्या.