मुलांना घेऊन नळदुर्गला, 13 सप्टेंबरला

मराठवाड्यातल्या मुलांना 17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, पाठ असतो. झेंडावंदन होतं, भाषणं होतात, खाऊ मिळतो. पण त्या दिवसासाठी कोण लढलं, कुठे लढलं, हे बहुतेकांना सांगितलेलंच नसतं. म्हणून यंदा गल्लीतली मुलं घेऊन आम्ही 13 तारखेलाच नळदुर्गचा किल्ला गाठला. सोबत आमच्याच गल्लीतले निवृत्त सुभेदार आजोबा होते.

देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, आपण मराठवाड्यातले मात्र आणखी तेरा महिने हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो. 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या हाताखालची भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली आणि पहिली झुंज झाली ती याच नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं गरजेचं होतं. त्याच दिवशी नळदुर्गजवळ शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग यांना वीरमरण आलं. मांडीत गोळी लागली होती, तरी ते सरपटत शत्रूच्या मशीनगनपर्यंत गेले आणि हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली. पहिल्या अशोकचक्र मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे. पंजाबातल्या लुधियानाकडचा हा माणूस आपल्या मातीत पडला. एवढं सांगितल्यावर मुलं गप्प झाली. मग एकीनं विचारलं, "त्यांच्या घरी कुणी कळवलं?" उत्तर सुभेदार आजोबांनी दिलं. तार कशी यायची, गावात ती कोण वाचून दाखवायचं, हे ते बराच वेळ सांगत होते. त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं तेच.

माजी सैनिकाला सोबत नेणार असाल, तर मुलांना आदल्या दिवशीच नीट समजावून ठेवा. "किती जणांना मारलंत?" हा प्रश्न विचारू द्यायचा नाही. पत्र किती दिवसांनी यायचं, जेवायला काय असायचं, सोबतचे कोण आठवतात, हे विचारू द्या. आणि ते थांबले, तर थांबू द्या.

आणखी एक गोष्ट जपा. रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या लोकांचे, अत्याचार सांगताना सगळ्या मुसलमानांवर बोट जाऊ देऊ नका. हैदराबादचे उर्दू संपादक शोएबुल्ला खान रझाकारांच्या विरोधात लिहीत होते. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनीच त्यांचा खून केला. आम्ही हे नाव मुलांना मुद्दाम सांगितलं.

आता वाटेचं. नळदुर्ग सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे, सोलापूरहून गाडीनं साधारण तासाभराचा रस्ता. तुळजापूरहूनही जाता येतं. सकाळी लवकर पोचा. सुट्टीच्या दिवशी, त्यात किल्ल्यातला बंधारा वाहत असला की, त्यावरून पडणारा नर-मादी धबधबा बघायला तोबा गर्दी होते. पाणी जास्त असेल तर बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालाकडे जाताना तिथल्या माणसांचं ऐकायचं, हट्ट करायचा नाही. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत, पावसात निसरड्याही होतात. लहानांचा हात सोडू नका, वयस्कर माणसाला वर चढवू नका. आजोबांना आम्ही खाली सावलीत बसवलं आणि गोष्टी तिथेच ऐकल्या. तोफा आधी बघून घ्या, नाहीतर मुलांचं लक्ष लागत नाही.

वेळ उरला तर लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला जा. 1921 साली सुरू झालेली तिथली राष्ट्रीय शाळा म्हणजे मराठवाड्याच्या लढ्याची एक तालीमच. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. शाळेच्या वेळेत जाणार असाल तर आधी विचारून जा.

ओळखीत माजी सैनिक नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. बोलावलंत तर येण्या-जाण्याची गाडी तुमची, आणि जेवायला पहिलं ताट त्यांचं.