आधी कॉलेज सुटायची वेळ विचारा

बारावीचा निकाल लागला की पुढचे काही दिवस माझ्या मागे एकच प्रश्न असतो. "मुलीला बी.कॉम.ला घालू, बीएएफला घालू, की ते बीएमएस म्हणतात ते?" लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारताना एका काकांनी मागून पळत येऊन गाठलं होतं. कारण एवढंच, की मी वागळे इस्टेटमधल्या एका मध्यम कारखान्यात अकाउंट्स बघते आणि हाताखाली नवी मुलं घ्यायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे कुठल्या डिग्रीला बाजारात काय भाव आहे ते मला ठाऊक असणार, असा सोसायटीत समज आहे. थोडंफार ठाऊक असतंही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डिग्री कुठली ते नंतर बघू, आधी कॉलेज किती वाजता सुटतं ते विचारून या.

हसू नका. आपल्याकडे साध्या बी.कॉम.ची लेक्चर्स बऱ्याच कॉलेजांत भल्या सकाळी असतात. सातच्या सुमाराला सुरू, दुपारच्या आत पोरं मोकळी. ती दुपार कुठे जाते यावर पुढचं बरंचसं ठरतं. कुणी ती स्टेशनजवळ वडापाव खाण्यात आणि मोबाइलमध्ये घालवतं. कुणी एखाद्या सीएच्या ऑफिसात, ट्रान्सपोर्टवाल्याकडे नाहीतर जांभळी नाक्यावरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे बसून बिलं हाताळतं. तीन वर्षांनी दोघं माझ्यासमोर बसतात तेव्हा दोघांच्या मार्कशीटवर फार फरक नसतो. फरक कुठे दिसतो, ते पुढे सांगते.

आधी डिग्र्यांचं उरकून टाकू. बीएएफ म्हणजे बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स. म्हणजे तेही बी.कॉम.च, फक्त त्यात हिशेब, कॉस्टिंग, ऑडिट आणि टॅक्स यांचे पेपर जास्त आणि इकडचं तिकडचं कमी. साधं बी.कॉम. बऱ्याच ठिकाणी अनुदानित असतं, त्यामुळे फी परवडते. बीएएफ आणि बीएमएस विनाअनुदानित, फी कित्येक पट. ज्या मुलीला आकडे आवडतात आणि ज्या घराला फी झेपते, त्यांनी बीएएफ खुशाल घ्यावं. कॉस्टिंग नीट शिकून आलेली मुलं मला तर हवीच असतात. बीएमएस म्हणजे मार्केटिंग, एचआर, थोडं फायनान्स. बोलकी, माणसांत रमणारी मुलं तिथे फुलतात. पण अकाउंट्सला बसवायचं म्हणून कुणाला बीएमएसला घालू नका. शिवाय २०२४ पासून बीएमएसला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागली आहे. त्यावर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं. तेव्हा माहितीपत्रकावर नक्की काय छापलंय ते नीट वाचा, नाहीतर जूनमध्ये धावपळ होते. कॉलेज म्हणाल तर जोशी-बेडेकर, ज्ञानसाधना, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, नेरूळचं एसआयईएस, सगळीच मुंबई विद्यापीठाची. त्यातलं घराजवळचं घ्या. कळव्याहून नेरूळला जाण्यायेण्यात दुपार संपली तर मी वर सांगितलं त्यातलं काहीच व्हायचं नाही.

आता फरक कुठे दिसतो ते. मी इंटरव्ह्यूला फार प्रश्न विचारत नाही. एक बिल पुढे ठेवते आणि म्हणते, याची एंट्री सांगा. बिल वापीच्या सप्लायरचं. माल ४०,००० रुपयांचा, वर १,००० गाडीभाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी ७,३८०, एकूण ४८,३८०. बिलाची तारीख २९ मार्च. कोपऱ्यात आमच्या गेटचा शिक्का, त्यावर ३ एप्रिल.

पहिल्या झटक्यात बरीच मुलं म्हणतात, "परचेस अकाउंट डेबिट ४८,३८०." फर्स्ट क्लासवालीही म्हणतात. अहो, या टॅक्सचं आपल्याला क्रेडिट मिळणार आहे, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा होणार, मग तो खरेदीत कसा घालायचा? त्याचं वेगळं खातं. जरा पुढची मुलं तो बाजूला काढतात, पण सवयीने केंद्राचा सीजीएसटी नऊ टक्के आणि राज्याचा एसजीएसटी नऊ टक्के असा अर्धा अर्धा करून मोकळी होतात. सप्लायरचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होतोय, म्हणजे गुजरात. आपला २७, महाराष्ट्र. राज्य बदललं की सगळा टॅक्स आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा. नंबराचे पहिले दोन आकडे बघायची सवय वर्गात लागत नाही, ती बिलांचा गठ्ठा उपसतानाच लागते.

मागे एक मुलगी आली होती, कळव्याची, साधं बी.कॉम., मार्क बेताचे. सकाळी कॉलेज आणि दुपारी एका हार्डवेअरवाल्याची वही लिहायची. तिने बिल उलटसुलट करून बघितलं आणि एंट्री सांगायच्या आधी मलाच विचारलं, "मॅडम, माल मार्चमध्ये आलाय की एप्रिलमध्ये?" मग म्हणाली, "ई-वे बिल नाही जोडलेलं… पण हां, पन्नास हजारांच्या आत आहे." ई-वे बिल म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी लागणारा ऑनलाइन परवाना. मी पेन खाली ठेवलं. माल वाटेत असताना वर्ष संपलं, तर तो ३१ मार्चच्या ताळेबंदात कसा दाखवायचा, आणि माल हातात पडल्याशिवाय टॅक्सचं क्रेडिट का घेता येत नाही, हे तिला शब्दांत मांडता आलं नाही. पण इथे काहीतरी अडतंय, हे तिला कळलं होतं. बाकीचं शिकवता येतं.

पालकांचा दुसरा प्रश्न ठरलेला: "टॅली करून ठेवलं तर बरं ना?" म्हणजे ते हिशेबाचं सॉफ्टवेअर. करा की. गोखले रोडपासून स्टेशनपर्यंत क्लासेसच्या पाट्यांना तोटा नाही. तिथे कीबोर्डवरच्या एफ५ ला पेमेंट, एफ६ ला रिसीट, एफ८ ला सेल्स, एफ९ ला परचेस हे बोटांना पाठ होतं. एवढ्यासाठी तीन महिने आणि भरभक्कम फी म्हणजे मला जरा जास्तच वाटतं. कामाला लागल्यावर आठवडाभरात बोटं आपोआप वळतात. कुठलं खातं नावे आणि कुठलं जमा, हे टॅली सांगत नाही. चुकीची एंट्रीही ते तितक्याच आनंदाने घेतं. आणि एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते, ती बंद करता येत नाही. पूर्वीसारखं गुपचूप मागे जाऊन तारीख फिरवणं गेलं. त्या फीतले थोडे पैसे एक्सेलला द्या. बँकेचं स्टेटमेंट आणि आपलं बँक बुक शेजारी ठेवून न जुळणाऱ्या ओळी काढता आल्या, तर ती मुलगी पहिल्या दिवसापासून उपयोगी.

ऑफिस ॲडमिनिस्ट्रेशनबद्दल सहसा कुणी विचारत नाही. मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल. आपल्याकडे त्याला फायली लावणं आणि चहा सांगणं समजतात. अकरावी-बारावीला "चिटणिसाची कार्यपद्धती" नावाचा विषय असतो. एसपी, एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) म्हणत मुलं तो घोकतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यातली पत्रं, सूचना, इतिवृत्तं यांच्यावर आमचं निम्मं ऑफिस चालतं. सात तारखेला टीडीएस, म्हणजे आपण कापून घेतलेला आयकर, अकराला जीएसटीचं पहिलं रिटर्न, पंधराला पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, वीसला जीएसटीचं दुसरं रिटर्न, ३बी. यातल्या प्रत्येक तारखेच्या आधी कुणाकडून तरी कागद यायचा असतो आणि तो आपणहून कधीच येत नाही. तो आणवणारं माणूस म्हणजे ॲडमिन.

फेब्रुवारीचा पगार झाला की शॉपफ्लोअरवरचा कोणी ना कोणी पगाराची स्लिप घेऊन खिडकीशी येतो, तावातावाने. "शंभर रुपये जास्त कापलेत!" प्रोफेशन टॅक्स दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. हे शांतपणे, त्याला कमी न लेखता, बोटांवर मोजून सांगता आलं पाहिजे. मग तो शेजारच्या बाईंची स्लिप दाखवतो, त्यांचा एक रुपयाही कापलेला नसतो. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून माफी आहे, हेही माहीत हवं. नाहीतर तिथेच भांडण.

किंवा थकलेल्या पैशांसाठी लिहायचं पत्र घ्या. नवी मुलं एकतर "काइंडली डू द नीडफुल" लिहितात, नाहीतर एकदम धमकी. आमच्याकडच्या एका पोराने बिल नंबर, तारीख, रक्कम, आपला उद्यम नंबर (लघुउद्योग नोंदणीचा), आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, एवढंच चार ओळींत लिहिलं. समोरच्या अकाउंटंटला पुढचं बरोबर कळतं: वेळेत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येणार नाही. पैसे आले. हे शिकवणारा पेपर कुठल्या डिग्रीत कितव्या सेमिस्टरला आहे मला सांगा, मी स्वतः जाऊन बसेन.

"सीए होईल का?" याचं उत्तर मी देत नाही, ते पोरीला विचारा. एवढंच सांगते की बारावीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा देता येते, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, आणि इंटरला, म्हणजे मधल्या परीक्षेला, अडकून बाहेर पडलेली मुलं वाया गेली असं समजू नका. घरात त्यांच्याकडे नापास म्हणून बघतात. आमच्यासारख्या कंपन्या मात्र त्यांना शोधत असतात.

सरकारी नोकरीचं डोक्यात असेल तर मात्र वाट वेगळी. तिथे लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला, असं टायपिंगचं प्रमाणपत्र मागतात. ते कॉलेजात असतानाच उरकून ठेवावं.

नवी मुंबईत ऐरोलीला नोकरीसाठी जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. तिथल्या मोठ्या काचेच्या इमारतींत हिशेबाचं काम भरपूर आहे, पण ते तुकड्यातुकड्यांत वाटलेलं असतं. एक मुलगा वर्षभर फक्त व्हेंडरची बिलं पास करतो, तीही परदेशातल्या कंपनीची. एसी आहे, बस आहे, इंग्रजी सुधारतं. वागळेत किंवा रबाळे-महापेच्या कारखान्यात पगार सुरुवातीला कमी, पंखा कुरकुरणारा, पण खरेदीपासून ताळेबंदापर्यंत सगळं एका टेबलावरून जातं. माझा कल कुठे आहे ते उघड आहे. तरी ज्या घरात कर्जाचे हप्ते आहेत त्यांना मी ऐरोलीच सांगते.

"पण आता सगळं कॉम्प्युटरच करतो ना?" पंचिंग करतो, हो. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांची ई-इन्व्हॉइस सरकारी पोर्टलवरूनच जाते, बिलं आपोआप वाचणारी सॉफ्टवेअर आली आहेत. पण २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा आमच्या यादीतली कुठली वस्तू कुठल्या दरात गेली हे माणसांनीच रात्री बसून तपासलं. १९६१ चा आयकर कायदा जाऊन नवा आलाय, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू, म्हणजे मुलांनी पाठ केलेले कलमांचे नंबरही बदलले. पाठ करणाऱ्यांना त्याचा त्रास होईल.

आता ती दुपार. नौपाड्यात, राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांत सीएंची छोटी छोटी ऑफिसं आहेत. मुलीला फोन करायला लावू नका, जूनमध्ये बायोडेटा घेऊन स्वतः जायला सांगा. जुलैत रिटर्नची गर्दी असते, सप्टेंबरला ऑडिट, माणसं लागतातच. मामाच्या फर्मचं इंटर्नशिपचं कोरं सर्टिफिकेट आणू नका, आम्हाला ते लांबूनच कळतं. पैसे फारसे मिळणार नाहीत, निदान रिक्षाभाडं मागा. पहिला महिना तिला झेरॉक्स काढायला आणि बिलं तारखेप्रमाणे लावायला देतील. ते करू दे. तिसऱ्या महिन्यातही तेच चाललं असेल तर ऑफिस बदला.