विकत काही आणायचे नाही

दिवाळीच्या सुटीत शुद्धलेखनाच्या पानांसोबत घरातल्याच सामानाची एखादी वस्तू करून आणावी आणि तिच्यासाठी दुकानात एक पैसाही खर्चू नये, असा आपल्या शाळेचा दंडक होता. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. आमच्या गुरुजींनी तो कधी फळ्यावर लिहिला नाही, आमच्याकडून करवून मात्र घेतला.

सर्वांत मान होता तो ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाडीला. नुकत्याच कापलेल्या ज्वारीचा धांडा चालत नसे, कारण ओला गर वाळताना आकसतो आणि सांधे ढिले पडतात; म्हणून गेल्या वर्षीच्या कडब्यातले खडखडीत वाळलेले धांडे आम्ही हुडकून काढत असू. वरची साल उभी सोलून तिच्या चोया करायच्या, आतल्या पांढऱ्या गराचे बोटभर तुकडे कापायचे आणि चोयांची टोके त्यांत खुपसत साटा, दांडी, जू असे एकेक अंग उभे करायचे. चाकासाठी लांब चोई हळूहळू वाकवावी लागे. घाई केली की ती मधोमध मोडे. चोईची कड पात्यासारखी धारदार असल्याने लहान मुलांनी ती मोठ्यांकडूनच सोलून घ्यावी, हे गुरुजी दरवेळी बजावत.

आकाशकंदिलाचा सांगाडा तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा असे. कागद चिकटवायची खळ करताना कणिक आधी थंड पाण्यात कालवून मगच चुलीवर ठेवायची, नाही तर गुठळ्या होतात, हे आईचे ज्ञान शाळेतही ग्राह्य धरले जाई. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या, मातीच्या नंदीची गोष्ट थोडी अवघड होती. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळे सांगावे लागत नाही. तिच्यात बारीक कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, मळले की भेगा पुष्कळ कमी होतात. तरीही शिंगे तुटत, म्हणून ती बाभळीच्या काट्यांची लावत असू, आणि माझ्या मते ती मातीच्या शिंगांपेक्षा अधिक ऐटदार दिसत.

हल्ली सुटीतल्या हस्तकलेसाठी तयार सामानाची खोकी मिळतात. त्यांत सगळे कापून, मोजून दिलेले असल्याने मुलांच्या वाट्याला फक्त चिकटवणे उरते, हे मला पटत नाही. म्हणून आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या प्रदर्शनात मुलांसाठी एक टेबल राखून ठेवावे. धांडे, तुराट्या आणि कुटार आम्ही माजी विद्यार्थी गावातून पुरवू. फेविकॉलची बाटली तेवढी कार्यालयात कुलपात ठेवावी.