तुम्ही विचारलंत म्हणून: पुतण्याचं जाळं

लग्नाच्या पंगतीत बसलो तरी वाढपी भात टाकता टाकता विचारतो, "नाना, सख्ख्या पुतण्याचं जाळं जाळलंत म्हणे?" हो, जाळलं. एकदाच सांगतो.

दारणा धरणाच्या काठचं आमचं 'बंदर' म्हणजे दगडी उतरण, होड्या बांधायचे चार खुंट, वजनकाटा आणि बर्फाच्या पेट्यांची पत्र्याची शेड. मच्छीमार संस्थेची वही माझ्याकडे. रोहू, कटला, मृगळ धरणात वाढतात, पण साठल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून संस्था दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडते. फुकटचा मासा नाही तो.

२०२३ ला १५ ऑक्टोबरपर्यंत खालची जायकवाडी ६५ टक्के भरली नाही, म्हणून नोव्हेंबरअखेर नाशिकच्या धरणांतून पाणी खाली सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात उतरण कोरडी, मासा डोहात गोळा. त्यात पहाटे पुतण्या मच्छरदाणी शिवून केलेलं जाळं घेऊन उतरला. बादलीत अंगठ्याएवढे रोहू तडफडत होते. काट्यावर ठेवले: पावणेदोन किलो. वर्षभर राहिले असते तर पोती भरली असती. "नाना, पोरीची फी भरायचीय," एवढंच म्हणाला, तेही खाली बघून.

ठराव संस्थेचा होता, पण काडी मी लावली. नायलॉन धड पेटत नाही, गळतं, काळं होऊन आखडतं. वहिनी उभ्या होत्या. विझल्यावर त्यांनी राखेतून जाळ्याच्या वजनाच्या शिशाच्या गोळ्या एकेक वेचल्या आणि पदरात बांधल्या. बोलल्या काहीच नाहीत.

तेव्हाचा मी म्हणायचो, घरापासून सुरुवात केली नाही तर बाहेरचा ऐकेल कशाला? चूक नव्हतं. पण त्याच महिन्यात पलीकडच्या काठाला रात्री बॅटऱ्या फिरत होत्या, तसलीच बारीक जाळी होती, आणि माणसं कोणाची ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझी होडी खुंटाला होती. मी गेलो नाही. तब्येत बरी नव्हती, असं वहीत लिहिलंय.

तरी आज तशी बादली समोर आली तर? काडी लावीनच बहुतेक.

पुतण्या गोंद्याला कंपनीत पाळीवर जातो. वहिनी आमच्या शेडवरून मासे घेत नाहीत, घोटीच्या बाजारातून आणतात. तिथलाही निम्मा मासा आमच्याच काट्यावरून गेलेला असतो. ते मी त्यांना सांगत नाही.