पिशवी उचलणाऱ्या हातांसाठी

वॉर्डात नवीन मुली ड्युटीला आल्या की मी आधी त्यांचे हात बघते. इंजेक्शन दिलं की बहुतेकींचा डावा हात आपसूक टोपणाकडे जातो. मी तिथेच थांबवते. टोपण परत लावताना सुई बोटात जाते, हे परीक्षेत सगळ्यांनीच लिहिलेलं असतं, पण हाताला लागलेली सवय लवकर सुटत नाही.

तरी सिस्टरला टोचलं तर निदान पेशंट कोण ते माहीत असतं. कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्या मावशींना टोचलेली सुई कुणाची, हे कोण सांगणार? आमच्या एका मावशींच्या तळहातात लाल पिशवीतून सुई घुसली. लाल पिशवी सलाईनच्या नळ्या, ग्लोव्हज आणि सुई काढलेल्या सिरिंजसाठी असते. सुईची जागा पांढऱ्या, आरपार न टोचणाऱ्या डब्यात. पण हब कटर, म्हणजे सिरिंजची सुई कापायचं यंत्र, ड्रेसिंग रूममध्ये, अन् इंजेक्शन दिलं होतं वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला. घाईत तेवढं चालत कोण जातं? आता हब कटर ट्रॉलीवरच असतो. इंजेक्शन दिलं की पेशंटच्या कॉटजवळच सुई कापायची.

कापलेली सिरिंज पुन्हा कुणाला वापरता येत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात हेपॅटायटिस बी ची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, साथ पसरली, माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचं तपासात पुढे आलं होतं.

मावशी म्हणत होत्या, "काही नाही हो ताई, रक्तसुद्धा नाही आलं." मी हात साबण-पाण्याने धुवायला लावला आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. एचआयव्ही टाळायची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. त्यांनी ती पूर्ण घेतली. मला जास्त धास्ती हेपॅटायटिस बी ची होती. बाधित रक्ताच्या सुईतून एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, तर लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बी ची ६ ते ३० टक्के. मावशींनी लस घेतलेली नव्हती. कंत्राटी ना त्या! २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस द्यायला सांगितलंय. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही.

कंत्राटदार म्हणतो, माणसं सहा महिने टिकत नाहीत, मग सहाव्या महिन्यातला तिसरा डोस द्यायचा कुणाला? माझं म्हणणं, पहिला डोस कामावर येतील त्याच दिवशी द्या आणि तारखेचं कार्ड त्यांच्याच हातात ठेवा. उद्या दुसऱ्या दवाखान्यात गेल्या तर पुढचा डोस तिथे घेतील.